ज्यू डे स्कूलमधली पहिली-दुसरी : मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी न्यू जर्सीतल्या एका ज्यू डे स्कूलमध्ये पहिलीला इंग्रजी आणि गणित शिकवते. मी ज्यू नाही, माहेर-सासर दोन्ही पुण्याचं. त्यामुळे मंडळाच्या गणपतीत, हळदीकुंकवाला, अगदी लाँड्रोमॅटमध्येसुद्धा कोणी मराठी भेटलं की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. दर वेळी तीच उत्तरं देण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते. शाळेचं नाव मुद्दाम देत नाही. ती मॉडर्न ऑर्थोडॉक्स पठडीतली, म्हणजे धर्माचे नियम पाळून आधुनिक शिक्षणही देणारी आहे, त्यामुळे इथलं सगळं प्रत्येक ज्यू शाळेला लागू पडेलच असं धरू नका.

डे स्कूल म्हणजे काय? रविवारची हिब्रू शाळा ती हीच का?

नाही. अमेरिकेत ज्यू मुलांना भाषा आणि धर्म शिकवायचे दोन मुख्य रस्ते आहेत. एक म्हणजे मूल सरकारी शाळेत जातं आणि रविवारी किंवा आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी सिनेगॉगमधल्या वर्गाला बसतं. दुसरा डे स्कूलचा. तिथे सकाळपासून दुपारपर्यंत एकाच इमारतीत गणित, इंग्रजी, विज्ञानही होतं आणि हिब्रू, तोरा म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, आणि प्रार्थनाही.

न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडवर १८८६ साली एट्झ खाइम नावाची अशी एक सुरुवातीची शाळा निघाली. खरी वाढ झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. युरोपातली शिक्षणकेंद्रं बेचिराख झाली होती, आणि गावोगावी डे स्कूल काढायच्या म्हणून १९४४ साली तोरा उमेसोरा ही संस्था उभी राहिली. २०१३-१४ च्या गणनेत अमेरिकेत ८६१ डे स्कूल आणि अडीच लाखांहून जास्त विद्यार्थी होते. त्यातले बहुतेक न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीतले.

मी स्वतः पाच वर्षं आमच्या मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत शिकवलं आहे. दीड तास, त्यातली वीस मिनिटं मुलं गोळा करण्यात जायची. रविवारी 'क' शिकलेलं मूल पुढच्या रविवारी 'क' विसरून यायचं, कारण मधल्या सहा दिवसांत त्या अक्षराची कुणाला गरजच पडत नव्हती. डे स्कूलमध्ये आलेफ-बेतची, म्हणजे हिब्रू मुळाक्षरांची गरज दिवसातून दहादा पडते. मी या शाळेत काही शिकले असेन तर ते हेच, आणि त्याची किंमत काय तेही इथेच कळलं. फीचं उत्तर खाली आहे.

पहिलीच्या मुलाचा दिवस कसा जातो?

सव्वाआठला दारात. साडेआठला तफिला, म्हणजे प्रार्थना. पहिलीत ती वीस-पंचवीस मिनिटांची आणि बरीचशी गाऊन म्हटलेली असते. 'श्मा' ही मुख्य प्रार्थना म्हणताना मुलं उजव्या हाताने डोळे झाकतात. निदान दोघं तरी बोटांच्या फटीतून माझ्याकडे बघत असतात.

मग अर्धा दिवस हिब्रू आणि धर्मशिक्षण, अर्धा दिवस माझा. आमच्याकडे सकाळ त्यांची, दुपार माझी. जेवून, खेळून, घामेजून आलेल्या सहा वर्षांच्या वीस मुलांना पावणेएक वाजता हातच्याची बेरीज शिकवून बघा, म्हणजे माझी व्यथा कळेल. दर वर्षी मी वेळापत्रक उलटं करा म्हणते, आणि दर वर्षी नाही ऐकते. पावणेचारला सुटी. एवढ्या लहान वयाला हा दिवस लांबच आहे, त्यात सारवासारव करण्यासारखं काही नाही.

शुक्रवारी लवकर सुटतं. डिसेंबरात इथे साडेचारलाच सूर्य मावळतो, आणि शब्बातचे, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे सूर्यास्ताच्या अठरा मिनिटं आधी लावायचे असतात. म्हणून हिवाळ्यात दीडच्या सुमारास शाळा रिकामी. शुक्रवारी गृहपाठ नाही, कारण शब्बातला लिहायचंच नसतं. त्याऐवजी एक कागद घरी जातो. त्यावर त्या आठवड्याच्या पाराशावरचे प्रश्न असतात, जेवणाच्या टेबलावर आईबाबांनी मुलांना विचारायचे. तोराचे असे ५४ भाग आहेत आणि ते वर्षभरात पुरे होतात. महापुरात नावेतून प्राणी वाचवणाऱ्या नोआचा पाराशा ऑक्टोबरच्या आसपास येतो आणि तो आठवडाभर वर्गात जिराफांखेरीज कोणी काही काढत नाही.

एक लिपी डावीकडून, एक उजवीकडून. मुलांचा गोंधळ उडत नाही?

उडतो. ऑक्टोबरात एका मुलीने वहीवर आपलं इंग्रजी नाव उजव्या समासापासून डावीकडे लिहिलं होतं. अक्षरं सगळी बरोबर, फक्त आरशात बघून वाचावं तशी. मी हिब्रूच्या बाईंना दाखवलं तर त्यांनी त्यांच्याकडची तिची वही काढली. तिथे तिने हिब्रू डावीकडून लिहिलं होतं. जानेवारीत दोन्ही आपोआप सरळ झालं.

मुलांना दिशेपेक्षा वही जास्त मदत करते असं माझं निरीक्षण आहे. हिब्रूची वही उलट्या बाजूने उघडते, म्हणजे आपल्याला जे मलपृष्ठ वाटतं ते तिचं मुखपृष्ठ. वही कुठल्या बाजूने उघडली यावर हात ओळखतो की आता कुठून सुरुवात. गंमत म्हणजे आकडे मात्र हिब्रूतही डावीकडूनच लिहितात.

अक्षरं २२. त्यातल्या पाच अक्षरांचं रूप शब्दाच्या शेवटी बदलतं. मोठं-लहान अक्षर असा प्रकार नाही. चुका ठरलेल्या: दालेत आणि रेश, बेत आणि खाफ, हे आणि खेत. आपल्याकडे घ-ध आणि भ-म यांचं जे होतं तेच.

आता मराठी माणसाला सोपं जाईल असं सांगते. हिब्रू अक्षरं म्हणजे व्यंजनं, स्वर त्यांच्या खाली-वर दिलेल्या टिंबांनी आणि रेघांनी दाखवतात. बेतखाली आडवी रेघ दिली की 'बा', तीन ठिपके त्रिकोणात दिले की 'बे', एक ठिपका दिला की 'बी', तीन ठिपके तिरपे दिले की 'बू'. पहिलीचा वर्ग सकाळी सुरात हे म्हणत असतो आणि मी कॉरिडॉरमधून जाताना मला थेट आमच्या शाळेतली बाराखडी ऐकू येते. फरक इतकाच की आपल्या मात्रा आयुष्यभर पुरतात. त्यांची टिंबं मोठ्यांच्या पुस्तकांतून आणि इस्रायलच्या वर्तमानपत्रांतून गळून जातात आणि शब्द ओळखून वाचावा लागतो.

वर्गाला हिब्रूत 'कीता' म्हणतात, पहिली म्हणजे 'कीता आलेफ'. मी पहिल्या दिवशी 'कित्ता' ऐकलं. तिथे तो गिरवतातही भरपूर, त्यामुळे फार चुकले असं नाही. बाईंना म्हणतात 'मोरा'. उरणकडच्या माणसाला मोरा बंदर आठवेल, त्याला माझा इलाज नाही.

नुसतं वाचतात की अर्थही कळतो?

पहिलीत वाचन पुढे असतं, अर्थ मागून येतो. लहानपणी आपण रामरक्षा म्हणायचो, तेव्हा 'चरितं रघुनाथस्य'चा अर्थ आपल्याला कुठे ठाऊक होता? इथेही प्रार्थना आधी तोंडात बसते.

पण बोलायची हिब्रू वेगळी. तिच्यासाठी 'इव्रीत बे-इव्रीत' पद्धत वापरतात, म्हणजे हिब्रू हिब्रूतूनच शिकवायची, इंग्रजीचा आधार न घेता. बाई इंग्रजी येत असूनही येत नसल्यासारखं वागतात. ही पद्धत भाषेसाठी उत्तम. बुजऱ्या मुलांचे पहिले दोन महिने मात्र अवघड जातात, आणि वाचनात मागे पडणारं मूल इथे एकाच वेळी दोन भाषांत मागे पडतं. डिस्लेक्सियाची शंका असेल तर 'हिब्रूमुळे होत असेल' म्हणून थांबू नका, तपासणी करून घ्या. पालकांनी असं थांबून वर्ष घालवलेलं मी पाहिलं आहे.

सिद्दूरचा समारंभ म्हणजे काय?

सिद्दूर म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक. पहिलीत वाचता येऊ लागलं की मुलाला त्याचं स्वतःचं सिद्दूर देतात. गाणी होतात, आजी-आजोबा विमानाने येतात, कव्हर आईबाबांनी घरी सजवलेलं असतं. बहुतेक शाळांत दुसरीत तोराचं पुस्तक, खुमाश, मिळतं. तोही समारंभच.

सिद्दूर हातातून पडलं की मुलं ते उचलतात, त्याचं चुंबन घेतात आणि मग पुढे जातात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा हात आपसूक कपाळाकडे गेला होता, पुस्तकाला पाय लागल्यावर जातो तसा. देवाचं नाव असलेला कागद कचऱ्यात टाकत नाहीत. त्यासाठी कोपऱ्यात वेगळं खोकं असतं आणि ते कागद नंतर पुरतात.

अक्षरओळखीच्या दिवशी मधही असतो. मध्ययुगात जर्मनीकडच्या ज्यूंमध्ये मुलाला प्रार्थनेच्या शालीत गुंडाळून गुरुजींकडे नेत, आणि पाटीवरच्या अक्षरांना मध लावून तो चाटायला देत. आता प्लॅस्टिक चढवलेलं अक्षर असतं आणि मुलांना ओले रुमाल वाटावे लागतात. दसऱ्याचं पाटीपूजन आठवा.

धर्म म्हणून लहान मुलांना नेमकं काय शिकवतात?

भीती कमी आणि तपशील जास्त, असं मी म्हणेन. उदाहरण केळ्याचं. खाण्याआधी ब्राखा, म्हणजे देवाचे आभार मानणारी छोटी प्रार्थना, म्हणायची असते, आणि ती पदार्थाप्रमाणे बदलते: पावाची वेगळी, द्राक्षरसाची वेगळी, झाडाच्या फळाची वेगळी, जमिनीतून उगवणाऱ्याची वेगळी. केळं फळ आहे, मग झाडाची ब्राखा म्हणायची ना? नाही. केळ दर वर्षी टिकून राहणारं झाड नाही, घड दिला की खोड मरतं. म्हणून जमिनीची ब्राखा. एक मुलगा हे मानायलाच तयार नव्हता. "पण ते माझ्यापेक्षा उंच असतं!" हा त्याचा मुद्दा. पंधरा मिनिटं वाद चालला, कुणी त्याला गप्प केलं नाही. मी अंगणात केळ असलेल्या घरात वाढले आणि घड कापल्यावर खोड तोडतात हे डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून शेवटी साक्षीदार म्हणून मला बोलावलं. ती मधली सुटी माझ्या नोकरीतली सगळ्यात आनंदाची.

प्रश्न विचारणं इथे उद्धटपणात मोजत नाहीत. पासोव्हर सणाच्या सेदरला, म्हणजे विधीच्या जेवणाला तर घरातल्या सगळ्यात लहान मुलानेच 'मा निश्ताना' म्हणजे 'आजची रात्र वेगळी का' हे विचारायचं असतं, आणि बालवाडीत त्याची महिनाभर तालीम चालते.

सुट्ट्या इतक्या का असतात?

सप्टेंबर-ऑक्टोबरात रोश हशाना, योम किप्पूर, सुकोत आणि सिम्खात तोरा ओळीने येतात. पंचवीसेक दिवसांत शाळा भरते थोडी आणि मिटते फार. आईबाबा दोघं नोकरी करत असतील तर रजांचा हिशेब ऑगस्टातच मांडा.

तारखा दर वर्षी हलतात कारण त्यांचं पंचांग आपल्यासारखंच चांद्र-सौर आहे. एकोणीस वर्षांत सात वेळा तेरावा महिना घालतात, म्हणजे पासोव्हर वसंतातच राहतो. २०२३ साली आपला अधिक श्रावण होता, २०२४ साली त्यांच्याकडे दोन अदार होते. मी वर्गात अधिक महिना समजावून सांगितला तेव्हा मुलांना काहीच नवल वाटलं नाही, मला मात्र वाटलं.

डब्यात काय देतात? आपला खाऊ नेला तर चालतो का?

नोकरीच्या पहिल्या दिवाळीत मी बेसनाचे चाळीस लाडू घेऊन गेले. साजूक तूप, वेलची, शाकाहारी, सगळं शुद्ध. मुख्याध्यापिकांनी डबा दोन्ही हातांनी घेतला, तोंडभर कौतुक केलं आणि तितक्याच प्रेमाने सांगितलं की हे शाळेत कुणालाच देता येणार नाही. प्रश्न लाडवातल्या जिनसांचा नव्हता, माझ्या कढईचा होता. कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांत बसणाऱ्या, नसलेल्या स्वयंपाकघरात शिजलेलं कोशर होत नाही. चूक माझीच, पत्रकात लिहिलेलं मी वाचलं नव्हतं. चाळीस लाडू घरी आले आणि नवऱ्याने आठवडाभर खाल्ले.

तेव्हा नियम असे. पाकिटावर कोशर तपासणीचा शिक्का हवा. भारतीय दुकानातल्या बऱ्याच पाकिटांवर तो असतो, नीट बघा. आमच्याकडे डब्यात मांस चालत नाही, दूधदुभतं चालतं. शेंगदाणे आणि इतर दाणे ॲलर्जीमुळे बंद. न कापलेलं फळ बिनधास्त. पासोव्हरच्या आठवड्याआधी तर पावाचा कण राहू नये म्हणून मुलं स्वतःची कपाटं पुसतात. अश्केनाझी, म्हणजे युरोपीय वंशाची घरं, त्या आठवड्यात भात आणि डाळीही खात नाहीत. बेने इस्रायल, म्हणजे महाराष्ट्रातले ज्यू, भात खातात. कोकणातून आलेल्या माणसाला भात सोडायला कोण सांगणार!

पाव खाण्याआधी दोन कानांच्या तांब्याने हात धुवायचे असतात. वीस मुलं, दोन तांबे. जेवणाच्या सुटीतली दहा मिनिटं तिथेच धरा.

मुलगे-मुली एकत्र असतात का? गणवेश?

आमच्याकडे पहिली-दुसरीला एकत्र. जास्त कर्मठ शाळांत सुरुवातीपासून वेगळे. मुलग्यांना किप्पा म्हणजे छोटी गोल टोपी आणि त्सीत्सीत म्हणजे कपड्याच्या कोपऱ्यांचे गोंडे, मुलींना गुडघ्याखाली स्कर्ट. किप्पा हरवणं हा रोजचा धंदा आहे.

डायनासोर शिकवतात का?

आमच्याकडे हो. विज्ञान नेहमीचंच आहे. सृष्टीचे सहा दिवस सकाळी, डायनासोर दुपारी, आणि मुलांनी विचारलं तर दोन्ही बाई एकमेकींकडे बोट दाखवतात. न्यूयॉर्कमधल्या ज्या शाळांत इंग्रजी-गणित पुरेसं शिकवत नाहीत म्हणून वर्तमानपत्रांत वाद वाचला असेल, त्या हसिदी येशिवा, म्हणजे अतिकर्मठ पंथाच्या धर्मशाळा. त्यांचा आणि आमचा शिक्षणक्रम अगदी वेगळा.

फी किती?

खूप. आमच्या भागात खालच्या वर्गांनाही वर्षाला वीस हजार डॉलरच्या पुढे जाणं नवलाचं नाही, आणि ऑर्थोडॉक्स घरांत तीन-चार मुलं सर्रास असतात. खासगी शाळा, त्यात धर्मशिक्षण, म्हणून खर्चाचा भार मुख्यतः पालकांवर आणि देणगीदारांवर. मालमत्ता कर भरून सरकारी शाळांचा खर्चही तेच उचलतात. बहुतेक शाळा उत्पन्न बघून सवलत देतात, पण त्यासाठी घरचे सगळे कागद उघडे करावे लागतात. दुसरं मूल पुढे ढकललेली जोडपी मी पाहिली आहेत. आपल्यालाही रोजची मराठी शाळा काढता येईल का, असं मंडळात कुणी उत्साहाने विचारलं की मी आधी हा आकडा सांगते.

वर्गात मुलं किती?

वीस, आणि मदतीला एक सहायक. तलमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथातला जुना दंडक असा की एका शिक्षकाकडे पंचवीस मुलं, चाळीस झाली की मदतनीस द्या, पन्नास झाली की दुसरा शिक्षक नेमा. पुण्यात आमच्या वर्गात आम्ही सदुसष्ट होतो.

दारावर पहारा का असतो?

२०१८ च्या ऑक्टोबरात पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये अकरा माणसं मारली गेली, तेव्हापासून अधिकच. त्याआधी मुंबईचं नरिमन हाऊस आपण विसरलेलो नाही. दार कायम बंद, पहारेकरी, लपून बसण्याचे सराव. पहिलीच्या मुलांना आम्ही 'शांत उंदीर' खेळ म्हणून सांगतो. दिवे घालवून वीस मुलं भिंतीला टेकून बसतात, आणि त्या खेळात ती इतकी तरबेज आहेत की मला ते सहन होत नाही.

ज्यू नसलेल्या मुलाला प्रवेश मिळतो का?

आमच्याकडे नाही. काही समावेशक शाळांचे नियम सैल असतात, विचारून बघा. शिक्षक मात्र ज्यू नसले तरी चालतात. माझ्यासारखे बरेच आहेत.

भारतात चित्र उलटं आहे. माझगावच्या सर एली कदूरी शाळेत आणि कोलकात्याच्या ज्यूइश गर्ल्स स्कूलमध्ये ज्यू मुलं जवळपास उरलेली नाहीत, बहुतेक विद्यार्थी मुसलमान आहेत.

म्हणजे महाराष्ट्रातही ज्यू शाळा होती?

होती, आणि हे मी इथल्या सहकाऱ्यांना मोठ्या ऐटीत सांगते. बेने इस्रायल समाजाच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून किनाऱ्याला लागले, सात जोडपी वाचली. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून शनिवार तेली. आडनावं केहिमकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर. हिब्रूचा मात्र विसर पडला होता. जॉन विल्सन या मिशनऱ्याने १८३२ साली त्यांच्यासाठी हिब्रूचं व्याकरण चक्क मराठीत लिहिलं. १८४६ साली मुंबईत मराठी हगादा, म्हणजे सेदरला वाचायचं पुस्तक, छापली गेली, १८७४ साली पुण्यात सचित्र निघाली. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थना मराठीत आणल्या. आणि १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकरांनी मुंबईत इस्रायलाइट स्कूल काढलं, तीच पुढे कदूरी शाळा झाली. मराठी, इंग्रजी आणि हिब्रू एका छपराखाली.

दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिची पणजी मुंबईहून इस्रायलला गेलेली. आजी सिद्दूरच्या समारंभाला आली होती. मी मराठी आहे कळल्यावर तिने माझा हात धरून विचारलं, "मलिदा खाल्लायस कधी?" पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं, एलियाहू हनावी, म्हणजे प्रेषित एलिया, यांच्या नावाने करायचा. मी नाही म्हटलं. तिने लगेच कृती सांगितली. आधी पोहे भिजवण्यावरून आमचं वाजलं, जाडे की पातळ.

शाळा बघायला येता येईल का?

नोव्हेंबरात बहुतेक शाळा पालकांसाठी दारं उघडतात. आधी फोन करून नाव नोंदवा, ओळखपत्र आणा. शुक्रवार दुपार टाळा. आणि डबा आणू नका, केळी चालतील.